वायनरी आणि समाजकार्य : सामाजिक उद्योगाचा एक अभ्यास

प्रस्तावना

व्यवसाय नफ्यासाठी चालतो आणि धर्मादाय संस्था देणग्यांवर चालते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. सामाजिक उद्योग या दोहोंच्या मध्ये बसतो. तो बाजारात वस्तू विकतो, हिशेब ठेवतो, तोट्याचा धोका पत्करतो. पण त्याच्या स्थापनेचा हेतू मालकाला श्रीमंत करणे हा नसून एखादा सामाजिक प्रश्न सोडवणे हा असतो. या पाठात आपण ही संकल्पना वाइननिर्मितीच्या उदाहरणांवरून समजून घेऊ. उदाहरण मुद्दामच अवघड निवडले आहे. ज्या वस्तूने आरोग्याला हानी पोहोचते, तिच्या विक्रीतून रुग्णालय चालवावे का, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

ओस्पिस द बोन : रुग्णालयाच्या द्राक्षबागा

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात बोन नावाचे गाव आहे. बर्गंडीच्या ड्यूकचा चॅन्सेलर निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३ मध्ये येथे गरिबांसाठी रुग्णालय स्थापन केले. शतवार्षिक युद्ध, लुटारू टोळ्या आणि दुष्काळ यांनी प्रदेश खचला होता. १४५२ मध्ये पहिला रुग्ण दाखल झाला.

रुग्णालय कशावर चालणार, हा प्रश्न तेव्हाही होताच. स्थापनेच्या वेळी मिळालेल्या उत्पन्नात पुढे लोकांच्या देणग्यांची भर पडत गेली. देणगीत रोख रक्कम येई, तशा द्राक्षबागाही येत. पहिली बाग १४५७ मध्ये मिळाली. पुढील पाच शतकांत अशा दानांतून सुमारे ६० हेक्टर बागा जमा झाल्या आणि त्यांतील बहुतेक बर्गंडीच्या उत्तम प्रतीच्या जमिनींत मोडतात. दात्याचे नाव विसरले जाऊ नये म्हणून त्या त्या वाइनला दात्याचे नाव देण्याची प्रथा आहे.

या व्यवस्थेचे आर्थिक मर्म समजून घेऊ. रोख देणगी एकदा खर्च झाली की संपते. जमीन दरवर्षी पीक देते आणि जमिनीची किंमतही वाढत जाते. अर्थशास्त्राच्या भाषेत हा ‘कायम निधी’ होय : मूळ मालमत्ता राखायची आणि उत्पन्न खर्च करायचे. आपल्याकडील देवस्थानांच्या इनाम जमिनींमागेही हाच विचार होता.

लिलाव आणि पैशाचा प्रवास

१८५९ पासून येथील वाइन जाहीर लिलावात विकली जाते. हा लिलाव दरवर्षी नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी होतो. विक्री बाटल्यांची नव्हे, तर पिंपांची होते. एका पिंपात २२८ लिटर, म्हणजे सुमारे ३०० बाटल्या इतकी वाइन असते. द्राक्षे तोडून जेमतेम दोन-अडीच महिने झालेले असतात. वाइन अद्याप कच्ची असते. पुढे ती मुरवणे आणि बाटल्यांत भरणे हे काम बर्गंडीतील व्यापारी घराणी करतात. त्यामुळे संस्थेला पैसा लवकर मिळतो आणि साठवणुकीचा खर्च बराचसा खरेदीदाराकडे जातो.

१९७१ मध्ये रुग्णसेवा आधुनिक इमारतीत हलवण्यात आली. जुनी इमारत आज संग्रहालय आहे. फ्रान्समध्ये रुग्णालयाचा दैनंदिन खर्च मुख्यतः सार्वजनिक आरोग्यविम्यातून भागतो. लिलावाच्या पैशाचा उपयोग इमारती, उपकरणे आणि ऐतिहासिक वास्तूंची देखभाल यांसाठी होतो. १९७८ पासून एक खास पिंप वेगळे काढून त्याची पूर्ण रक्कम त्या वर्षी निवडलेल्या इतर सेवाभावी संस्थांना देण्यात येते.

निसर्गाचा धोका

शेतीवर उभा असलेला उद्योग हवामानाच्या हवाली असतो. एप्रिल २०२१ मध्ये बर्गंडीत कडाक्याचे दहिवर पडले आणि कोवळे कोंब जळाले. त्या वर्षी लिलावात सुमारे ३५० पिंपेच आली आणि विक्री सव्वा कोटी युरोंच्या आसपास झाली. पुढच्याच वर्षी ८०० पिंपे विकली गेली आणि रक्कम ३ कोटी युरोंच्या घरात पोहोचली. उत्पन्न एका वर्षात दुपटीहून अधिक बदलले. नर्सचा पगार मात्र असा बदलू शकत नाही. म्हणून अशा उत्पन्नातून इमारत किंवा यंत्रसामग्रीसारखा पुढे-मागे करता येणारा खर्च भागवणे शहाणपणाचे ठरते.

तीन प्रारूपे

वाइन उद्योगाने समाजकार्य करण्याचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात.

१. *नफा कार्यासाठी.* बोनचे उदाहरण या प्रकारात मोडते. वाइन बनवण्याची रीत इतरांसारखीच असते; उत्पन्न कोठे जाते, यात फरक असतो.

२. *उत्पादन हेच कार्य.* इटलीतील गोर्गोना बेटावर तुरुंग आहे. तेथे २०१२ पासून फ्रेस्कोबाल्दी या वाइन घराण्याच्या सहकार्याने कैदी द्राक्षबागेत काम करतात. त्यांना मजुरी मिळते, कौशल्य मिळते आणि सुटकेनंतर कामाची वाट खुली होते. सिसिलीतील चेंतोपास्सी वायनरीचा पाया वेगळा आहे. माफियांची जप्त मालमत्ता समाजोपयोगी कामासाठी देण्याचा कायदा इटलीत १९९६ मध्ये झाला. अशा जमिनींवर सहकारी संस्था उभ्या राहिल्या. त्यांपैकी एकीला १९४८ मध्ये माफियाने मारलेल्या प्लाचिदो रिझोत्तो या कामगार नेत्याचे नाव आहे. येथे नफा थोडा झाला तरी हेतू साधतो, कारण भीतीने पडीक राहिली असती अशी जमीन कायदेशीर रोजगार देते.

३. *प्रत्येक बाटलीमागे देणगी.* येथे व्यवसाय खासगीच राहतो आणि विक्रीचा काही हिस्सा एखाद्या कार्याला दिला जातो. हा प्रकार सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त तपासून पाहण्याजोगा आहे. समजा, बाटलीची किंमत १,००० रुपये असून सर्व खर्च वजा जाता नफा १५० रुपये राहतो. ‘किमतीच्या १० टक्के’ म्हटले तर १०० रुपये दिले जातील; ‘नफ्याच्या १० टक्के’ म्हटले तर फक्त १५ रुपये. लेबलावर दोन्ही वाक्ये सारखीच उदार वाटतात.

सामाजिक उद्योग आणि सीएसआर

तिसरा प्रकार सीएसआरच्या जवळ जातो. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. परंतु सीएसआर करणारी प्रत्येक कंपनी सामाजिक उद्योग ठरत नाही. खरी कसोटी अशी : उरलेला नफा कोणाचा? मालक बदलला तरी हेतू टिकेल, अशी कायदेशीर तरतूद आहे का? भारतात याच कायद्याच्या कलम ८ खाली नोंदलेली कंपनी सभासदांना लाभांश वाटू शकत नाही. बोनची व्यवस्था जवळजवळ सहा शतके टिकली, कारण बागा कोणा व्यक्तीच्या नसून संस्थेच्या आहेत.

नैतिक प्रश्न

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला मानवात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. मग रुग्णालयासाठी वाइन विकणे हा विरोधाभास नाही का?

समर्थक म्हणतात, खरेदीदार वाइन घेणारच आहे. मग पैसा सत्कार्याला का जाऊ नये? विरोधक म्हणतात, सत्कार्याचे नाव जोडले की पिणे पुण्याचे वाटू लागते आणि खप वाढतो. हा दुसरा मुद्दा गंभीर आहे. विक्रीवर अवलंबून असलेली संस्था मद्याच्या दुष्परिणामांविषयी मोकळेपणाने बोलू शकेल का, हेही विचारले पाहिजे. स्वतः फ्रान्सनेही १९९१ च्या कायद्याने मद्याच्या जाहिरातींवर निर्बंध घातले आहेत.

भारतात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. राज्यघटनेचा अनुच्छेद ४७ औषधी उपयोग वगळता मादक पेयांना बंदी घालण्याचा प्रयत्न करण्यास राज्याला सांगतो. मद्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने गुजरात आणि बिहारमध्ये दारूबंदी आहे, तर महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी खास धोरण आखले आणि नाशिक परिसरात वायनऱ्या वाढल्या. त्याच महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात लोकचळवळीतून १९९३ पासून दारूबंदी आहे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शेतकऱ्यांचे हित हे कारण पुढे करण्यात आले आणि निर्णयाला तीव्र विरोधही झाला. द्राक्ष उत्पादकाची मिळकत आणि व्यसनाने मोडणारे घर, दोन्ही खरी आहेत. एका बाजूचा लाभ मोजताना दुसऱ्या बाजूची हानी हिशेबातून वगळली, तर तो हिशेब सामाजिक म्हणता येणार नाही.

सारांश

सामाजिक उद्योगाची पारख चार प्रश्नांनी करावी : पैसा कोठे जातो? मालमत्ता कोणाची आहे? उत्पादन करणाऱ्यांना काय मिळते? वस्तूमुळे होणारी हानी हिशेबात धरली आहे का? पहिल्या तीन प्रश्नांत बोनची संस्था किंवा सिसिलीच्या सहकारी संस्था समाधानकारक उत्तरे देऊ शकतात. चौथ्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक समाजाला आपल्या परिस्थितीनुसार शोधावे लागते.

स्वाध्याय

१. रोख देणगी आणि जमिनीची देणगी यांचा संस्थेच्या टिकाऊपणावर होणारा परिणाम स्पष्ट करा.

२. वरील तीन प्रारूपांपैकी कोणते प्रारूप तुमच्या राज्यातील एखाद्या कृषी उत्पादनाला लागू करता येईल? कारणे द्या.

३. ‘हानिकारक वस्तूच्या विक्रीतून सत्कार्य करू नये.’ या विधानाच्या दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.