८ ÷ २(२+२) = ? १६ म्हणणारे बरोबर की १ म्हणणारे?

फॅमिली ग्रुपवर हे गणित तुम्हाला एकदा तरी आलं असेलच : ८ ÷ २(२+२). खाली "फक्त हुशार लोकांसाठी" वगैरे. मग काका १६ म्हणतात, इंजिनिअर ताई १ म्हणते आणि रात्री अकरापर्यंत कुणी माघार घेत नाही. २०१९ मध्ये याच गणितावरून ट्विटरवर जगभर वाद झाला होता.

मराठी शाळेत शिकलेले लगेच 'कंचेभागुबेव' काढतात. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. इंग्रजी माध्यमात हेच 'बॉडमास'. अमेरिकेतली मुलं मात्र 'पेमडास' शिकतात आणि त्यात गुणाकार भागाकाराच्या आधी येतो! मग तिकडचं गणित वेगळं का?

नाही. भागाकार आणि गुणाकार यांचा मान सारखाच आहे, डावीकडून जे आधी येईल ते आधी करायचं. बेरीज-वजाबाकीचंही तेच. पाठांतराच्या नादात नेमकं हेच निसटतं. १० − ३ + २ घ्या. 'बे' आधी म्हणून ३ + २ केलं तर उत्तर ५ येतं, पण खरं उत्तर ९ आहे. दहातले तीन रुपये खर्च केले, मग दोन मिळाले, तर खिशात नऊच असणार ना?

आता काका-ताईंकडे वळू. कंस सोडवला की उरतं ८ ÷ २(४). डावीकडून गेलं तर ४ × ४, म्हणजे १६. शाळेच्या नियमाने काका बरोबर. पण बीजगणितात २क्ष ही एकच वस्तू मानायची सवय असते, त्यामुळे ताई २(४) चे आधी ८ करते आणि उत्तर येतं १. ती काही 'ढ' नाही. कॅसिओची अनेक सायंटिफिक मॉडेल्स १ दाखवतात, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ १६ दाखवतो. खरा दोष गणित लिहिणाऱ्याचा. (८ ÷ २) × (२+२) असं लिहिलं असतं तर भांडणच झालं नसतं. पण मग ते व्हायरलही झालं नसतं म्हणा.

ग्रुपवरच्या भांडणात कुणाचे पैसे जात नाहीत. दुकानात मात्र जाऊ शकतात. ५० रुपयांची एक वस्तू आणि २० रुपयांच्या तीन, म्हणजे ५० + ३ × २०. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर ११० येतात. गल्ल्यावरच्या साध्या कॅल्क्युलेटरवर हीच बटणं याच क्रमाने दाबा, १०६० येतील! त्याला कंचेभागुबेव ठाऊकच नाही. बटण दाबलं की तो लगेच हिशोब करतो : ५० + ३ झाले ५३, त्याला गुणिले २०.

१०६० चा आकडा निदान डोळ्यात तरी भरतो. ३० + २ × १५ चे ६० ऐवजी ४८० झाले आणि बिल लांबलचक असलं, तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून साध्या कॅल्क्युलेटरवर आधी गुणाकार करा, मग बेरीज. किंवा ५० 'एम प्लस', ३ × २० 'एम प्लस' आणि शेवटी 'एमआर'. जुने दुकानदार हे बटण न बघता दाबतात.