लिंक्डइनवर ऑटोमेशन टूल वापरताय? आधी अकाउंट सांभाळा

महाळुंगे-चाकण पट्ट्यात एकीकडे बजाज, महिंद्रा, मर्सिडीज, फोक्सवॅगनचे मोठे प्लांट आहेत आणि दुसरीकडे प्रेस पार्ट, रबर पार्ट, जिग-फिक्स्चर, पॅकेजिंग बनवणारी शेकडो छोटी युनिट्स. छोट्या युनिटच्या सेल्सवाल्याला मोठ्या प्लांटच्या गेटवर अपॉइंटमेंटशिवाय आत सोडत नाहीत. मग परचेस मॅनेजर गाठायचा कुठे? लिंक्डइनवर! म्हणून मालक म्हणतो, "एखादं टूल लाव, रोज दोनशे जणांना रिक्वेस्ट जाऊ दे."

गंमत अशी की टूलचे पैसे कंपनी भरते, पण अकाउंट असतं त्या सेल्सवाल्याचं स्वतःचं. ते बंद पडलं तर कंपनी दुसऱ्याचं अकाउंट जोडते. त्याच्या मात्र इतक्या वर्षांच्या ओळखी जातात आणि पुढची नोकरी शोधायची जागाही जाते. मी ऑटोमेशनचंच काम करतो, त्यामुळे ही टूल्स आतून कशी चालतात ते सोप्या भाषेत सांगतो.

टूल नेमकं काय करतं?

प्रोफाइल उघडणं, रिक्वेस्ट पाठवणं, दोन दिवसांनी मेसेज टाकणं ही कामं ते तुमच्या नावाने करतं. टूल्स दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार म्हणजे ब्राउझर एक्स्टेन्शन. ते तुमच्याच क्रोममध्ये बसून तुमच्याऐवजी बटणं दाबतं. दुसरा प्रकार क्लाउडवाला. तो दुसऱ्याच कुठल्यातरी सर्व्हरवरून तुमच्या अकाउंटमध्ये लॉगिन राहतो.

क्लाउडवाली बरीच टूल्स पासवर्ड किंवा 'सेशन कुकी' मागतात. कुकी म्हणजे लॉगिन झाल्यावर ब्राउझरला मिळालेला गेटपास. गेटपास दाखवला की सिक्युरिटी पुन्हा नाव विचारत नाही, तसंच इथे. कुकी ज्याच्या हातात, त्याला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असलं तरी ही चावी तुम्ही स्वतःच दिलेली असते.

लिंक्डइनला कळतं कसं?

माणूस चहाला उठतो, एखादं प्रोफाइल वाचत बसतो, मध्येच फोन घेतो. स्क्रिप्ट तसं करत नाही. ठरावीक अंतराने क्लिक, रात्री तीन वाजताही रिक्वेस्ट, सकाळी चाकणहून लॉगिन आणि त्याच वेळी परदेशातल्या सर्व्हरवरूनही लॉगिन, अशा खुणा सर्व्हरला दिसतात. एक्स्टेन्शन पानाच्या कोडमध्ये जे बदल करतं, तेही ओळखता येतात.

पण सगळ्यात मोठी खूण माणसंच देतात. शेकडो रिक्वेस्ट उत्तराविना पडून राहिल्या, किंवा समोरच्यांनी 'मी यांना ओळखत नाही' असं कळवलं, की अकाउंटवर बंधन येऊ शकतं.

नियम काय सांगतो?

स्पष्टच सांगायचं तर लिंक्डइनच्या युजर अ‍ॅग्रीमेंटमध्ये बॉट आणि अशा ऑटोमेशनला मनाई आहे. त्यामुळे 'शंभर टक्के सेफ' अशी जाहिरात कोणी केली तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेत हायक्यू लॅब्ज नावाची कंपनी लिंक्डइनवरची सार्वजनिक माहिती सॉफ्टवेअरने गोळा करायची. तो खटला २०१७ ला सुरू झाला. सुरुवातीचे काही निकाल हायक्यूच्या बाजूने लागले, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये कोर्टाने हायक्यूने युजर अ‍ॅग्रीमेंट मोडल्याचं मान्य केलं.

मग काम कसं करायचं?

१. पाठवण्याचं काम हाताने करा, तयारी ऑटोमेट करा. कोणाला कधी मेसेज केला, कोणाला आठवण करायची, कोणाला कोणता ड्राफ्ट पाठवायचा, हे सगळं एक्सेल शीट किंवा सीआरएममध्ये ठेवा. याला लिंक्डइनची हरकत नाही, कारण त्यांच्या साइटला तुम्ही हातच लावत नाही.

२. आठवड्याला साधारण शंभर रिक्वेस्टच्या पुढे गेलं की अडवणूक होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. रोज १५ पाठवल्या तरी पाच दिवसांत ७५ होतात. योग्य माणसं निवडली असतील तर तेवढ्या पुरतात. नवीन अकाउंट असेल तर याहूनही कमी ठेवा.

३. उत्तर न आलेल्या जुन्या रिक्वेस्ट मागे घ्या. मात्र मागे घेतल्यावर त्याच व्यक्तीला पुन्हा पाठवायला तीन आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं.

४. एजन्सीला पासवर्ड किंवा कुकी देऊ नका. आधीच दिली असेल तर सेटिंगमधल्या 'साइन इन अँड सिक्युरिटी'मध्ये जाऊन सगळी सेशन्स बंद करा आणि पासवर्ड बदला. 'डेटा प्रायव्हसी'मधली 'परमिटेड सर्व्हिसेस'ही तपासा.

५. ऑफिसने तुमचंच अकाउंट टूलला जोडायला सांगितलं, तर सरळ सांगा, "सर, हे अकाउंट माझं वैयक्तिक आहे. ते बंद झालं तर परत मिळेल याची खात्री नाही." कंपनी पेज, पैसे देऊन जाहिरात किंवा लिंक्डइनचंच सेल्स नेव्हिगेटर हे पर्याय मालकापुढे ठेवा.

अकाउंट अडकलंच तर?

टूल लगेच बंद करा आणि एक्स्टेन्शन काढून टाका. घाईने दुसरं अकाउंट उघडू नका, एका माणसाला एकच अकाउंट असा नियम आहे. ओळखपत्र मागितलं तर ते फक्त लिंक्डइनच्या अधिकृत पानावरूनच द्या. 'पैसे द्या, अकाउंट उघडून देतो' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा.

आणि एक काम आजच करा. 'डेटा प्रायव्हसी'मधून 'गेट अ कॉपी ऑफ युअर डेटा' निवडून कनेक्शनची यादी उतरवून घ्या. त्यात नाव, कंपनी, पद आणि ओळख झाल्याची तारीख मिळते. ईमेल मात्र ज्यांनी परवानगी दिली आहे, त्यांचेच येतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण उद्या अकाउंट बंद पडलं तरी कोणाला फोन करायचा हे तुमच्याकडे लिहिलेलं असेल.