फाशी गेलेल्या ग्रंथपालाची तालिका

१८२३ साली इटलीतल्या मोदेना संस्थानाने एका फरारी वकिलाला फाशीची शिक्षा सुनावली. माणूस हाती लागत नव्हता, तेव्हा त्याच्या पुतळ्यालाच फासावर चढवण्यात आले. इथवर त्या काळच्या युरोपात नवल करण्यासारखे काही नाही. नवल पुढे आहे. त्या फाशीला जो खर्च आला, त्याचे बिल सरकारी खात्याने खुद्द फाशी गेलेल्या इसमालाच पाठवले. आणि सांगतात की, त्यानेही ते न भरता परलोकातून उत्तर धाडले. खाली सही 'कै. पानिझ्झीचा आत्मा'.

आंतोनियो पानिझ्झी तेव्हा इंग्लंडात पोहोचला होता. १६ सप्टेंबर १७९७ रोजी पो नदीकाठच्या ब्रेशेल्लो गावात जन्मलेला, पार्माच्या विद्यापीठात कायदा शिकलेला हा तरुण ऑस्ट्रियाच्या वर्चस्वाविरुद्ध काम करणाऱ्या कार्बोनारी या गुप्त संघटनेत होता. धरपकड सुरू झाली तसा तो १८२२ मध्ये सरहद्द ओलांडून स्वित्झर्लंडला निसटला. तिथे मोदेनातल्या राजकीय खटल्यांची लक्तरे वेशीवर टांगणारे पुस्तक त्याने छापले आणि मग लंडन गाठले. हातात पैसा नाही, इंग्रजी येत नाही. कवी उगो फोस्कोलोने त्याला लिव्हरपूलला पाठवले, आणि तिथे व्यापाऱ्यांच्या घरी इटालियनच्या शिकवण्या करून त्याने दिवस काढले. तिथल्या ओळखीतून हेन्री ब्रॉहम हा वजनदार वकील-पुढारी त्याचा पाठीराखा झाला. १८२८ मध्ये नव्या लंडन विद्यापीठात पानिझ्झीला इटालियनची प्राध्यापकी मिळाली. मान होता, पण विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि कमाई त्यांच्याच फीवर अवलंबून. ब्रॉहम लॉर्ड चॅन्सेलर झाला आणि त्या नात्याने ब्रिटिश म्युझियमचा विश्वस्तही. १८३१ मध्ये पानिझ्झी म्युझियमच्या ग्रंथालयात जादा साहाय्यक म्हणून लागला. ही नेमणूक सरळसरळ वशिल्याची होती. इतका सत्कारणी लागलेला वशिला मात्र ग्रंथालयांच्या इतिहासात विरळाच.

सुरुवातीला त्याच्या वाट्याला आली फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातली हजारो पत्रके. कुणावर लेखकाचे नाव नाही, कुणावर टोपणनाव, कुणावर खोटे गाव आणि खोटा मुद्रक. असा ऐवज नोंदवायचा कसा, हे कुणीच ठरवलेले नव्हते. स्वतःच्या पुस्तकावर छपाईचे खोटे ठिकाण टाकलेल्या माणसाला ही गंमत चांगलीच कळत असणार.

१८३६ मध्ये पार्लमेंटच्या चौकशी समितीपुढे त्याची साक्ष झाली. तिथे त्याने आपल्या सगळ्या पुढच्या कामाचा पाया सांगून टाकला. देशातल्या सर्वांत श्रीमंत माणसाला आपल्या जिज्ञासेसाठी जी साधने मिळतात, तीच गरीब विद्यार्थ्यालाही मिळाली पाहिजेत, निदान पुस्तकांपुरती तरी. आणि ती पुरवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे त्याचे म्हणणे होते. मराठी वाचकाला हे वाचताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १९२० नंतरच्या लंडनमधल्या मुक्कामात अर्धपोटी राहून, सकाळी दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनगृहात बसून असत. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध त्याच काळातला. पानिझ्झीच्या साक्षीतला गरीब विद्यार्थी कल्पनेतला होता. हा खरा होता आणि त्याला ती पुस्तके खरोखर मिळाली.

१८३७ मध्ये पानिझ्झी छापील ग्रंथांच्या विभागाचा प्रमुख झाला आणि लंडनच्या वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केले. ज्येष्ठताक्रमाने ती जागा हेन्री केरी यांची. केरी म्हणजे दान्तेला इंग्रजीत आणणारे विद्वान. इंग्रजांच्या दान्ते-भाषांतरकाराला डावलून एका इटालियनाला बसवले, हा विरोधाभास विरोधकांच्या फार पथ्यावर पडला. पानिझ्झीने त्यांच्याकडे लक्ष दिले नाही. जुन्या माँटेग्यू हाउसमधून नव्या इमारतीत लाखो ग्रंथ हलवायचे होते. ते काम त्याने थॉमस वॉट्स या अफाट बहुभाषी साहाय्यकाच्या मदतीने पार पाडले आणि मग तो तालिकेकडे वळला.

तालिका म्हटले की आपल्याला वाटते, पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, कपाटाचा क्रमांक, संपले. पण ते इतके सोपे नाही. आपल्याकडचीच उदाहरणे घ्या. 'शतपत्रे' कोणत्या अक्षराखाली शोधायची, 'ल' म्हणजे लोकहितवादी की 'दे' म्हणजे गोपाळ हरी देशमुख? ज्ञानेश्वरीची एक प्रत 'ज्ञानदेव' नावाने छापलेली, दुसरी 'ज्ञानेश्वर' नावाने, तिसरीवर 'भावार्थदीपिका'. तिन्ही तीन ठिकाणी गेल्या, तर वाचकाला ग्रंथालयात एकच प्रत आहे असे वाटणार. पंचवीस कारकून पंचवीस तऱ्हांनी नोंदी करू लागले की लाखो पुस्तके असूनही ती नसल्यासारखीच.

पानिझ्झीने वॉट्स, विंटर जोन्स, एडवर्ड एडवर्ड्स आणि जॉन पॅरी यांना बरोबर घेऊन याचे नियम बांधले. असे सांगतात की, प्रत्येकाने आपापला मसुदा करायचा, मग सगळ्यांनी बसून एकेका कलमावर वाद घालायचा, अशी त्यांची रीत होती. १८३९ मध्ये विश्वस्तांनी ते मंजूर केले आणि १८४१ मध्ये ते छापले गेले. एकूण ९१ नियम. त्यातले बहुतेक आज वाचताना कंटाळवाणे वाटतील आणि तसेच वाटायला हवेत. नोंद शीर्षकपानावर जे छापले आहे त्यावरून करायची, कारकुनाच्या तर्कावरून नाही. टोपणनावाने लिहिलेले पुस्तक टोपणनावाखालीच, खरे नाव कळले तर ते सोबत. म्हणजे आपले लोकहितवादी 'ल' खालीच आले असते. एका नावाकडून दुसऱ्याकडे वाट दाखवणाऱ्या नोंदी भरपूर. एकाच ग्रंथाच्या सगळ्या आवृत्त्या आणि भाषांतरे एकमेकांशेजारी. आजची संगणकावरची ग्रंथालये ज्या शिस्तीवर चालतात, तिच्या वंशावळीत हे नियम अगदी वर आहेत.

विश्वस्तांना मात्र घाई होती. तालिका छापून हवी, तीही अक्षरवारीने, आधी 'ए', मग 'बी'. पानिझ्झीने परोपरीने सांगितले की, शेवटच्या पुस्तकाची नोंद होईपर्यंत पहिले अक्षर पुरे होत नसते. झेडच्या कपाटातून निघालेल्या एखाद्या निनावी पुस्तकाची जागा 'ए'मध्येच निघायची. ऐकले गेले नाही. १८४१ मध्ये 'ए'चा खंड छापला गेला, आणि तो अपुराच आहे हे लगेच दिसू लागले. छपाई तिथेच थांबली.

या थांबण्यावरून जो गदारोळ झाला, त्यावर शाही आयोग बसला. १८४७ मध्ये नेमलेल्या या आयोगापुढे लेखक थॉमस कार्लाइलने साक्ष दिली. कार्लाइलचे जुने दुखणे असे की, वाचनगृहात गर्दी, गोंगाट आणि सर्दीपडशाचे वाचक. त्याला वेगळी खोली हवी होती आणि पानिझ्झीने ती दिली नाही. या वाचनगृहाला कंटाळून त्याने पुढाकार घेतला आणि १८४१ मध्ये वर्गणीदारांसाठी लंडन लायब्ररी उभी राहिली. संस्था उत्तम, आजही चालू आहे. पण वर्गणी भरणाऱ्यांची. कार्लाइलला खोली न देणारा ग्रंथपाल मला जास्त पटतो. लेखक मोठा असला तरी बाकी वाचकांपेक्षा त्याला चार फूट जागा जास्त का?

आयोगाचा चिटणीस जॉन पेन कॉलियर म्हणाला की, नोंदी करणे यात काय मोठेसे! त्याने आपल्याच घरच्या २५ पुस्तकांच्या नोंदी तासाभरात करून दाखवल्या. पानिझ्झीने त्या विंटर जोन्सकडे तपासायला दिल्या. जोन्सने अहवाल दिला तो असा की, तालिकाकाराला करता येण्याजोगी जवळजवळ प्रत्येक चूक या २५ नोंदींत आहे. हाच कॉलियर पुढे शेक्सपिअरच्या जुन्या प्रतीवरच्या बनावट दुरुस्त्यांच्या प्रकरणात उघडा पडला, तोही याच म्युझियममधल्या तपासणीत. १८५० च्या अहवालात आयोगाने पानिझ्झीची बाजू उचलून धरली.

छापील तालिका नाही, मग काय? प्रत्येक नोंदीची पट्टी कार्बनच्या कागदाने एकाच वेळी अनेक प्रतींत लिहायची आणि जाड पानांच्या मोठ्या खंडांत सैल चिकटवायची, पुढेमागे जागा सोडून. पान भरले की पट्ट्या उचलायच्या, नवे पान घालायचे, पुन्हा लावायच्या. सुरुवातीला असे दीडशेच्या आसपास खंड होते. १८७० च्या दशकात दोन हजारांच्या वर गेले. दिसायला ओबडधोबड, पण पुस्तक आले की नोंद लवकर वाचकाच्या हाताखाली यावी, यासाठी याहून सोयीचे साधन तेव्हा नव्हते.

नोंदींना पुस्तके हवीत आणि पुस्तकांना पैसे. १८४५ मध्ये पानिझ्झीने संग्रहातल्या उणिवांचा अहवाल लिहिला, त्यावर ग्रंथखरेदीला वर्षाला १० हजार पौंड मंजूर झाले. थॉमस ग्रेनव्हिलने आपला सुमारे २० हजार ग्रंथांचा दुर्मीळ संग्रह म्युझियमला देऊन टाकला, त्यामागे पानिझ्झीशी असलेली मैत्री होती. कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत द्यायची असे, पण देत कोण? पानिझ्झीतला वकील जागा झाला. त्याने नोटिसा काढल्या, चुकार प्रकाशकांना कोर्टात खेचले. हेन्री बोनसारखा बडा प्रकाशकही सुटला नाही. १८३७ मध्ये अडीच लाखांच्या आत असलेला संग्रह १८५६ पर्यंत सुमारे साडेपाच लाखांवर गेला.

आता ठेवायचे कुठे? म्युझियमच्या मधोमध मोठे चौकोनी अंगण रिकामे पडले होते. १८५२ मध्ये पानिझ्झीने कागदावर त्यात एक गोल काढला. वास्तुशास्त्रज्ञ सिडनी स्मर्क यांनी त्याला आकार दिला आणि मे १८५७ मध्ये घुमटाचे वाचनगृह उघडले. व्यास १४० फूट, रोमच्या पँथिऑनपेक्षा जेमतेम दोन फुटांनी कमी. भोवती लोखंडी सांगाड्याचे कोठार, जाळीची जमीन, जेणेकरून काचेच्या छतातला उजेड तळमजल्यापर्यंत उतरावा. आगीच्या भीतीने गॅसचा दिवा वर्ज्य; त्यामुळे लंडनचे धुके दाटले की वाचकांना लवकर उठावे लागे. मधोमध अधीक्षकाचे उंच मेज आणि त्याला वेढून वर्तुळात तालिकेचे खंड. लोक घुमटाचे कौतुक करतात. ती मांडणी मात्र तालिका हाच ग्रंथालयाचा गाभा मानणाऱ्या माणसाची आहे.

स्वभावाने माणूस तापट, हेकट. हस्तलिखितांचे प्रमुख सर फ्रेडरिक मॅडन यांनी त्याच्याविषयीच्या द्वेषाने रोजनिशीची पाने भरली आहेत. एडवर्ड्सशीही त्याचे जमले नाही. एडवर्ड्स बाहेर पडला आणि मँचेस्टरच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा पहिला ग्रंथपाल झाला. इंग्लंडमधल्या मोफत ग्रंथालयांच्या चळवळीतले त्याचे नाव आज वेगळेपणाने घेतले जाते. पानिझ्झीने इटलीची चिंताही सोडली नाही. नेपल्सच्या राजकीय कैद्यांना सोडवून आणायला १८५५ मध्ये त्याने वर्गणीतून एक जहाज घेतले. ते इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच बुडाले. १८५६ मध्ये तो म्युझियमचा मुख्य ग्रंथपाल झाला आणि १८६६ मध्ये निवृत्त. पुढे एकीकृत इटलीने त्याला सिनेटर केले, इंग्लंडने 'सर' केले. ८ एप्रिल १८७९ रोजी, म्युझियमपासून हाकेच्या अंतरावरच्या ब्लूम्सबरी चौकातल्या घरी तो वारला.

त्यानंतर वर्षभरातच चिकटवलेले खंड वाचनगृहात मावेनासे झाले आणि नोंदी छापायला सुरुवात झाली. सर्वसाधारण तालिकेचे खंड १८८१ पासून निघू लागले, अक्षरवारीनेच. म्हणजे विश्वस्तांची इच्छा शेवटी पुरी झाली, पण चाळीस वर्षे उशिराने आणि सगळ्या नोंदी हाताशी आल्यावर. पौर्वात्य भाषांच्या याद्या वेगळ्या निघाल्या. त्यातली मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची सूची जे. एफ. ब्लुमहार्ट यांनी केली; ती १८९२ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली, आणि एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांचा माग काढणाऱ्याला ती आजही उघडावी लागते.