मोजणारे आणि मोजले जाणारे

विज्ञानावर लोकांचा विश्वास नाही, अशी तक्रार सुशिक्षित वर्ग नेहमी करतो. करावे गावच्या खाडीकाठी उभा राहिलो की मला उलट प्रश्न पडतो: विज्ञानाने लोकांवर कधी विश्वास ठेवला?

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नव्या शहराचा नकाशा पसरला. आगरी-कोळी माणसाचे शेत मोजले गेले, मिठागर मोजले गेले. त्याचे मत कुणी विचारले नाही. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसे गेली. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. अशा मुलखात कुणी शास्त्रज्ञ वही घेऊन आला, तर लोक आधी त्याच्या पाठीमागे मोजणीदार शोधतात. हे अज्ञान नव्हे, अनुभव आहे.

आज प्रश्न पाणथळींचा आहे. ओहोटीला रोहित पक्षी ठाणे खाडीच्या चिखलावर चरतात. भरतीने चिखल बुडाला की करावे-नेरूळकडच्या पाणथळींत विसावतात. २०१५ मध्ये खाडीत अभयारण्य झाले, पण विसाव्याच्या या जागा त्याच्या हद्दीबाहेर राहिल्या. भरतीचे पाणी आत येण्याची वाट बुजली की पाणथळ मरू लागते. पक्षीतज्ज्ञाला हे आकड्यांतून कळते; निवट्या-चिंबोऱ्या वेचणाऱ्या कोळणीला रिकाम्या टोपलीतून कळते. पहिल्याला अहवाल म्हणतात, दुसऱ्याला अडाण्याचे बोलणे. हाताने जाणणारा हलका आणि पोथीने जाणणारा श्रेष्ठ, ही जातिव्यवस्थेचीच जुनी वाटणी आहे. आपण दलितांनी ती भोगली आहे. आपल्यालाही मोजले गेले, विचारले गेले नाही.

अहवाल दडवल्याने काय होते, हे पश्चिम घाटाने दाखवले. माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये दिलेला अहवाल लोकांपुढे यायला मे २०१२ उजाडला, तोही माहितीच्या अधिकारात झगडल्यावर. बंद कागदाभोवती अफवाच वाढतात.

वाट कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आवश्यक केली. ती खाडीवर जगणाऱ्यांच्या तोंडून भरावी. शास्त्रज्ञाने पडताळावी, मराठीत लिहावी आणि निर्णयापूर्वी गावात वाचून दाखवावी. शासनाने ती डावलली, तर कारण लेखी द्यावे.

कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आपल्या पालिकेत जाऊन ही नोंदवही मागावी. तीत आपल्या वस्तीची साक्ष नसेल, तर विद्यार्थ्यांना घेऊन ती लिहायला बसावे.