थंड किनाऱ्यावरची परिषद आणि जोडीचा हिशेब

वरळी सी-फेसवर डिसेंबरमध्ये सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास समुद्रात उतरतो. चौविहार आटोपून कठड्यालगत फेरफटका मारणाऱ्या व्यापारी कुटुंबांना ही वेळ घड्याळ न पाहता कळते. त्याच महिन्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन या गावी मात्र सूर्य चारच्या सुमारासच मावळतो. दोन किनाऱ्यांमधील हा दोन तासांचा फरक परदेशी परिषदेला निघालेल्या जैन दाम्पत्याने तिकिटे काढण्यापूर्वीच लक्षात घ्यावयास हवा.

कंपन्यांच्या परिषदा आता परदेशी समुद्रकाठी भरतात, आणि निमंत्रणावर पुष्कळदा ‘सपत्नीक’ असे लिहिलेले असते. उदाहरणादाखल वरळीतील एक व्यापारी दाम्पत्य घेऊ. पतीला नवा माल पाहावयाचा आहे. पत्नीला समुद्र पाहण्याची हौस आहे, पण व्रताची काळजीही आहे. कंपनी सर्व खर्च करणार म्हटल्यावर नातेवाईक म्हणतात, “फुकटची सहल आहे, विचार कसला करता?” विचार करावयाचा तो येथेच.

प्रथम थंडीचे कारण पाहू. ब्रायटन हे उन्हाळी पर्यटकांचे गाव. लंडनहून रेल्वेने ते सुमारे तासाभराच्या अंतरावर आहे. उन्हाळा सरला की हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या राहतात आणि त्या भरण्यासाठी परिषदा उपयोगी पडतात. तेथील समुद्रासमोरचे मोठे सभागृह, ब्रायटन सेंटर, 1977 मध्ये सुरू झाले. हंगाम नसताना भाव उतरतो, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको. म्हणून परिषद पुष्कळदा बोचऱ्या वाऱ्याच्या दिवसांतच येते. किनाराही वाळूचा नव्हे, गोट्यांचा आहे. लोकरीचे कपडे आणि मजबूत बूट अवश्य न्यावेत.

आता व्रताचे. डिसेंबरमध्ये तेथे सूर्योदय पावणेआठच्या सुमारास होतो. त्यापुढे 48 मिनिटे धरली तर नवकारशी साडेआठनंतर येते, आणि चारपूर्वी चौविहार. दिवसाचे सारे खाणे साडेसात तासांत बसवावे लागते. परिषदेचे मुख्य भोजन सहसा रात्री असते. त्या वेळी हे दाम्पत्य टेबलाशी बसेल, पण जेवणार नाही. म्हणून दुपारी तीनच्या सुमारास कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमुळे वर्ज्य केलेली थाळी आणि उकाळलेले पाणी मिळावे, अशी लेखी विनंती आयोजकांना आधीच करावी. विमानातील जैन भोजनही तिकिटाबरोबरच नोंदवावे. खाखरे सोबत असावेतच. मात्र अंडे, जिलेटिन यांची चौकशी संकोच न करता करावी.

या संकोचाचा एक जुना दाखला याच ब्रायटनचा आहे. 1888 मध्ये मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेला निघाले. त्यापूर्वी मद्य, मांस आणि परस्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांना बेचरजी स्वामी या जैन साधूंनी दिली होती. इंग्लंडमधील पहिल्याच वर्षी ते ब्रायटनला गेले असता हॉटेलातील पदार्थांची यादी फ्रेंच भाषेत होती. त्यातले निरामिष काय, हे त्यांना कळेना. शेजारच्या वृद्ध विधवेने ते समजावून दिले आणि त्यातून स्नेह जुळला. परंतु आपण विवाहित आहोत, हे गांधीजींनी तिच्यापासून लपवले. पुढे मन खाऊ लागले, तेव्हा त्यांनी पत्र लिहून खरे सांगितले. आत्मकथेत त्यांनी हा प्रसंग असत्याच्या विषाचा म्हणून नोंदवला आहे.

गांधीजींनी पत्नीला परिचयातून लपवले. आजचा व्यापारी तिला हिशेबात लपवतो. 1 जुलै 2022 पासून लागू झालेल्या कलम 194आरनुसार, व्यवसायातून मिळणारा लाभ एका आर्थिक वर्षात 20,000 रुपयांहून अधिक असेल, तर देणाऱ्याने 10 टक्के कर कापावा लागतो. लाभ वस्तुरूप असेल, तर तो देण्यापूर्वी कर भरला गेल्याची खात्री करावी लागते. मालाची माहिती, विक्रीचे शिक्षण, शंकानिरसन, खात्यांचा मेळ यांसाठी भरलेली परिषद लाभ ठरत नाही. परंतु विक्रीचे लक्ष्य गाठल्याचे बक्षीस म्हणून दिलेली सहल, करमणुकीचा भाग, सोबतच्या कुटुंबीयांचा खर्च आणि परिषदेच्या लगतचा आधीचा व नंतरचा एकेक दिवस सोडून वाढवलेला मुक्काम हे लाभच होत. 1 एप्रिल 2026 पासून नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले. तत्त्व तेच राहिले.

समजा, पत्नीचा खर्च 1,80,000 रुपये झाला. कापलेला कर 18,000 रुपये. परंतु तेवढ्याने सुटका होत नाही. ही रक्कम पतीच्या व्यवसायाचे उत्पन्न धरली जाते. तो 30 टक्क्यांच्या टप्प्यात असल्यास कर 54,000 रुपये आणि त्यावर 4 टक्के उपकर 2,160 रुपये, असे एकूण 56,160 रुपये होतात. त्यातून कापलेले 18,000 वजा जाता 38,160 रुपये भरावयाचे राहतात. फुकटच्या सहलीची ही किंमत आधी ठाऊक असावी.

पत्नीचा खर्च स्वतः केला, तर तो पेढीच्या प्रवासखर्चात न घालता मालकाच्या उचल खात्यात नावे टाकावा. ती खरोखर दुकान सांभाळत असेल आणि परिषदेच्या सत्रांना बसणार असेल, तर निमंत्रणावरच तिचे नाव प्रतिनिधी म्हणून असावे. अनेक पेढ्यांत उधारीची खाती आणि ग्राहकांची नाती घरच्या स्त्रीलाच अधिक माहीत असतात. तिचे काम खरे असेल, तर ते कागदावरही दिसू द्यावे. नसेल, तर तसे भासवू नये.

सत्य आणि अपरिग्रह ही केवळ पर्युषणातील प्रवचनांची तत्त्वे नव्हेत. ती वहीच्या पानावरही पाळावयाची आहेत. तेवढे सांभाळले, तर चार वाजता मावळणारा तो थंड समुद्रावरचा सूर्य दोघांनी शालीत गुरफटून, निर्धास्त मनाने पाहावा.