जागेची जाहिरात आणि यंत्रासाठीं चिठ्ठी

शहरांत जागा शोधणाऱ्या कुटुंबाचे कितीतरी हेलपाटे जी जागा आतां उरलेलीच नाहीं ती पाहण्यासाठीं होतात. वर्तमानपत्रांतील जाहिरातीस निदान एक गुण असतो. अंकाच्या माथ्यावर तारीख असते, आणि महिन्याभराचा जुना अंक हातीं घेणारा मनुष्य त्यांतील किंमत आजही तीच असेल असें समजत नाहीं. संगणकावरील पानाची गोष्ट निराळी. तें पान नेहमींच ताजें दिसतें. घराची किंमत उतरते, बयाणा दिला जातो, खरेदीखतही होतें. तरी शोधयंत्रांत तें घर जुन्याच किमतीस विक्रीला उभें असतें. या घोटाळ्याच्या मुळाशीं दर वेळीं लबाडीच असते असें नव्हे. पुष्कळदा एकच गोष्ट दोन ठिकाणीं लिहिलेली असते आणि बदल मात्र एकाच ठिकाणीं झालेला असतो.

हीं दोन ठिकाणें कोणतीं, हें समजण्यासाठीं यंत्र कसें वाचतें तें प्रथम पाहिलें पाहिजे. “कोथरूड, दोन बीएचके, ६५० चौरस फूट, ९५ लाख” एवढें वाचलें कीं मनुष्यास सर्व उमगतें. यंत्राला मात्र ९५ ही किंमत आहे, घराचा क्रमांक आहे, कीं मालकाचें वय आहे, हें सांगावें लागतें. याकरितां २०११ च्या जूनमध्यें गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू या स्पर्धकांनीं एकत्र येऊन ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ नांवाचा सामायिक शब्दसंग्रह प्रसिद्ध केला. ते शब्द पानांत लिहिण्याची जी रीत आज विशेष रूढ आहे तिला ‘जेसन-एलडी’ म्हणतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेनें २०१४ च्या जानेवारींत तिला मान्यता दिली. या रीतींत पानाच्या पोटांत एक लहानशी चिठ्ठी ठेवलेली असते. वाचकास ती दिसत नाहीं. यंत्र मात्र ती वाचतें. डोळ्यांस दिसणारा मजकूर हें पहिलें ठिकाण, आणि ही चिठ्ठी हें दुसरें.

चिठ्ठींत तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात: पान, घर आणि देकार. पानाला ‘रिअल एस्टेट लिस्टिंग’ असा शब्द आहे, व त्यासोबत जाहिरात कोणत्या तारखेस लागली तें लिहितात. घराला ‘अपार्टमेंट’ म्हणतात. खोल्या, क्षेत्रफळ व पत्ता हे त्याचे विशेष. ‘ऑफर’ म्हणजे देकार; किंमत, चलन, उपलब्धता व मुदत यांचा समावेश त्यांत होतो. ही फोड निरर्थक नाहीं. घर वर्षानुवर्षें तेंच राहतें, देकार मात्र आठवड्यांत दोनदां बदलूं शकतो. दोन्ही वेगळीं असलीं म्हणजे जें बदललें तेवढेंच बदलतां येतें.

लिहिण्यांतही कांटेकोरपणा हवा. “९५ लाख” हे शब्द चिठ्ठींत चालत नाहींत; स्वल्पविराम न देतां पूर्ण संख्या लिहावी लागते, आणि तीही देवनागरी अंकांत नव्हे, तर इंग्रजी लिपींतील अंकांत. मराठी वाचकासाठीं पानावर देवनागरी अंक खुशाल असावेत, चिठ्ठींत नसावेत. क्षेत्रफळासोबत एककाची खूण द्यावी, कारण चौरस फूट कीं चौरस मीटर हें यंत्र तर्कानें ओळखीत नाहीं. शिवाय क्षेत्रफळ कोणतें? २०१६ च्या रेरा कायद्यानें ‘कार्पेट एरिया’ची व्याख्या ठरवून दिली आहे: बाहेरच्या भिंती, बाल्कनी व उघडी गच्ची वगळून उरणारें वापरण्याजोगें क्षेत्र. तोच आंकडा पानावर आणि तोच चिठ्ठींत असावा. पानावर कार्पेट आणि चिठ्ठींत बिल्टअप, असें झालें कीं यंत्र खोट्याचा प्रसार करूं लागतें.

आतां मुख्य प्रश्न येतो: रोज बदलणाऱ्या शेंकडों जाहिरातींत हा मेळ राखावा कसा? शाळेंत एकाच वर्गाची हजेरी दोन वह्यांत दोन हातांनीं मांडली तर महिनाअखेर बेरीज जुळत नाहीं. येथेंही तसेंच घडतें. म्हणून किंमत व उपलब्धता यांची नोंद एकाच ठिकाणीं, विदागारांतील एकाच ओळींत असावी, आणि दिसणारा मजकूर व चिठ्ठी हीं दोन्ही त्याच ओळींतून एकाच वेळीं तयार व्हावींत. चिठ्ठी हातानें लिहूं नये. पुष्कळ संकेतस्थळें पान लवकर उघडावें म्हणून त्याची तयार प्रत राखून ठेवतात. नोंद बदलतांच ती प्रतही टाकून द्यावी लागते, नाहीं तर विदागारांत नवी किंमत आणि वाचकापुढें जुनी, असा प्रकार होतो.

यंत्र आपल्या सवडीनें पुन्हां फेरी घालतें. तें लवकर यावें यासाठीं ‘साइटमॅप’ नांवाच्या यादींत प्रत्येक पानाच्या शेवटच्या बदलाची तारीख देतां येते. पण बदल नसतांना रोज नवी तारीख घालणाऱ्याच्या यादीवर विश्वास उरत नाहीं, आणि मग खऱ्या बदलाचीही दखल घेतली जात नाहीं. लांडगा आला रे आला, ही गोष्ट यंत्रासही लागू पडते.

शेवटीं जागा विकली जाते. त्या वेळीं पान ठेवावयाचें असेल तर पानावर “विकली गेली” असें स्पष्ट लिहावें आणि चिठ्ठींतही उपलब्धता ‘सोल्ड आउट’ करावी. पान काढावयाचें असेल तर यंत्रास ४१० हा संकेत द्यावा. त्याचा अर्थ ‘होतें तें गेलें’. जाहिरातीची मुदत आधींच ठाऊक असेल तर ती देकारांत नोंदवावी. गिऱ्हाइकांचे फोन येत राहावेत म्हणून विकलेली जागा “उपलब्ध” ठेवणें ही मात्र लबाडीच होय. पानावर जें दिसत नाहीं तें चिठ्ठींत लिहूं नये असा गूगलचा नियम आहे. तो मोडणाऱ्या पानाचा, शोधांत विशेष रूपानें दिसण्याचा हक्क जाऊं शकतो.

चिठ्ठी लिहिली म्हणजे जाहिरात आपोआप पहिल्या ओळींत जाते, हा समज चुकीचा आहे. तसें आश्वासन कोणतेंही शोधयंत्र देत नाहीं. तिचा लाभ निराळा आहे. नोकरीची रजा काढून, मुलांस सोबत घेऊन, ठाण्याहून पुण्यास जागा पाहण्यास निघालेल्या कुटुंबास ती जागा अजून आहे कीं नाहीं, हें घरून निघण्यापूर्वींच कळतें. जाहिरात देणाऱ्यानें एका नोंदीची काळजी घेतली तर एवढें साधतें, आणि तो एक दिवस त्या कुटुंबाच्या पदरांत राहतो.