जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन मिसिंग का मारते?

निफाड तालुक्यात ट्रॅक्टर हे केवळ नांगरटीचे साधन राहिलेले नाही. लासलगाव व पिंपळगाव बसवंत येथील बाजार समित्यांकडे कांद्याची ट्रॉली तोच ओढतो, उसाच्या सऱ्या तोच पाडतो आणि द्राक्षबागेत औषध फवारणारा ब्लोअरही त्याच्याच शक्तीवर चालतो. गोडी छाटणीनंतर घड फुलोऱ्यात असताना पाऊस झाला अथवा दाट दव पडले, तर डावणीला आवर घालण्यास शेतकऱ्याच्या हाती फार थोडा अवधी असतो. नेमक्या त्या वेळी जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन अडखळू लागले, तर ब्लोअरच्या पंख्याचा वेग घटतो, वारा मंदावतो व औषधाचे बारीक थेंब दाट पानांच्या आतपर्यंत पोचत नाहीत. औषध संपते, डिझेल जळते, परंतु बागेचे संरक्षण मात्र होत नाही.

अशा वेळी घाईघाईने डिझेलचा पंप खोलण्याकडे कल असतो. पंप हा इंजिनाचा सर्वांत नाजूक व महाग भाग होय. दोष मात्र पुष्कळदा सैल झालेल्या नळीत, तुंबलेल्या गाळणीत किंवा एखाद्या नोझलमध्ये असतो. म्हणून तपासणी ठरावीक क्रमाने करावी. पंपाची पाळी सर्वांत शेवटी यावी.

मिसिंग म्हणजे काय?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दट्ट्याने इतकी दाबली जाते की ती ५०० अंश सेल्सिअसहूनही अधिक तापते. त्या तप्त हवेत नोझलमधून डिझेलचा सूक्ष्म फवारा येताच ते पेट घेते. याचाच अर्थ असा की, योग्य वेळी योग्य प्रमाणात डिझेल, पुरेशी स्वच्छ हवा आणि पुरेसा दाब या तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. यांपैकी एक जरी उणी पडली, तरी तो स्फोट चुकतो अथवा अर्धवट होतो. यालाच आपण मिसिंग म्हणतो.

चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांमध्ये एकदा काम करतो. मिनिटास १५०० फेरे घेणाऱ्या तीन सिलिंडरांच्या इंजिनात मिनिटाला २२५० स्फोट व्हावयास हवेत. एक सिलिंडर बंद पडल्यास ७५० स्फोट कमी होतात. शिवाय त्या निकामी सिलिंडरचा दट्ट्या ओढण्याचा भार उरलेल्या दोघांवर पडतो. त्यामुळे शक्तीची हानी एक तृतीयांशाहूनही अधिक होते.

पहिला प्रश्न : एक की सर्व?

इंजिन किंचित वाढीव वेगावर चालू ठेवून आवाज लक्षपूर्वक ऐकावा. अडखळणे ठेक्यात, एकसारखे येत असेल, तर दोष बहुधा एकाच सिलिंडरचा असतो. ते अनियमित असेल, इंजिन मध्येच दबून पुन्हा उसळत असेल, तर दोष सर्व सिलिंडरांना सामाईक अशा डिझेलच्या पुरवठ्यात किंवा हवेच्या मार्गात असण्याचा संभव अधिक. पुढील सर्व तपासणी या एका भेदावर अवलंबून आहे.

धुरावरूनही पुष्कळ कळते.

१. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर : डिझेल न जळताच बाहेर पडत आहे. निफाडला डिसेंबर-जानेवारीत कडाक्याची थंडी पडते. अशा पहाटे सुरुवातीची काही मिनिटे असा धूर येणे व इंजिन थोडे अडखळणे हा दोष नव्हे. इंजिन तापल्यावरही धूर न थांबल्यास मात्र तपासणी करावी.

२. डिझेलचा वास नसलेली पांढरी वाफ, व रेडिएटरमधील पाणी कमी होणे : हेड गॅस्केट फुटल्याचे चिन्ह. ट्रॅक्टर पुढे चालवू नये.

३. काळा धूर : हवा कमी किंवा डिझेल अधिक. एअर क्लीनर तुंबलेला असणे, नोझल टपकणे अथवा बोजा जास्त असणे ही कारणे होत.

४. निळसर धूर : इंजिनाचे ऑइल जळत आहे. रिंगा किंवा वॉल्व्हचे गाइड झिजलेले असावेत.

पुरवठ्याची तपासणी

प्रथम टाकीचे झाकण सैल करून पाहावे. तेवढ्याने इंजिन सुधारले, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे असे समजावे. त्यानंतर गाळणीच्या तळाचे डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवावे. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी निराळे दिसते. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारठ्याने हवेतील ओलावा पाणी होऊन साचतो. यास्तव थंडीच्या दिवसांत संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी.

नळीचा जोड सैल असल्यास डिझेलबरोबर हवा शिरते. हवा दाबली जात असल्यामुळे पंपाचा जोर तिच्यातच खर्ची पडतो व नोझल उघडत नाही. सर्व जोड घट्ट करून गाळणीवरचा स्क्रू सैल करावा आणि फीड पंपाची लेव्हर हाताने चालवावी. बुडबुड्यांविना अखंड डिझेल येऊ लागताच स्क्रू आवळावा. हीच क्रिया नंतर पंपाच्या स्क्रूवर करावी. हवा नेहमी टाकीकडून नोझलकडे या क्रमानेच काढावी. ती पुनःपुन्हा शिरत असेल, तर चिरलेली नळी वा खराब वायसर शोधावा.

उन्हाळ्यात धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर वारंवार साफ करावा. तो ऑइलच्या भांड्याचा असल्यास त्यातील गाळ काढून खुणेपर्यंत नवे ऑइल भरावे.

दोषी सिलिंडर कसा शोधावा?

ट्रॅक्टर मोकळ्या जागेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून व पी. टी. ओ. बंद ठेवून उभा करावा. इंजिन सावकाश चालू असताना एका नोझलकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या नळीचे नट, त्यावर जाड फडके धरून, पान्ह्याने अर्धा फेरा सैल करावे. इंजिनाचा आवाज बदलला व वेग उतरला, तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही, तर दोषी सिलिंडर तोच. नट पुन्हा आवळून मगच पुढच्या नळीकडे जावे.

या कामी एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. नोझलमधून डिझेल दर चौरस सेंटिमीटरला दीडशे ते अडीचशे किलोग्रॅम दाबाने सुटते. हा फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसली, तरी बोट गमावण्याची वेळ येऊ शकते. असे झाल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे. बाहेर काढलेल्या नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधीही धरू नये. डोळ्यांवर चष्मा असावा. धोतर, उपरणे वा सैल बाही पंख्याजवळ नसावी.

दोषी सिलिंडर सापडल्यावर त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरच्या नोझलशी बदलून पाहावे. तांब्याचे वायसर नवे घालावेत. दोष नोझलबरोबर दुसऱ्या सिलिंडरात गेला, तर नोझलच खराब आहे. ते यंत्रावर तपासून घ्यावे : फवारा धुक्यासारखा असावा, धार पडू नये, टोक टपकू नये. दोष जागचा हलला नाही, तर टॅपेटचे अंतर फीलर गेजने मोजावे. अंतर मुळीच उरले नसल्यास वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, दाब निसटतो व कालांतराने वॉल्व्ह जळतो. नेमके अंतर प्रत्येक इंजिनाचे निराळे असते. ते पुस्तिकेतूनच घ्यावे. ऑइल भरण्याच्या तोंडातून भकभक धूर येत असेल, तर रिंगा झिजल्या आहेत. हे सर्व ठीक असूनही दोष कायम राहिला, तरच पंप काढून जाणत्या कारागिराकडे न्यावा.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

गोडी छाटणीपूर्वी गावातील एखाद्या जुन्या ट्रॅक्टरवर, कारागिराच्या साहाय्याने, या तपासणीचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. प्रत्येक ट्रॅक्टरधारकाने एक वही ठेवून गाळणी, ऑइल व नोझल यांच्या बदलाच्या तारखा व चाललेले तास नोंदवावेत. गाळणीचा एक जादा संच व तांब्याचे चार वायसर घरी असावेत. फवारणीच्या आदल्या संध्याकाळी ब्लोअर जोडून पी. टी. ओ. मिनिटास ५४० फेऱ्यांवर टिकतो की नाही, हे भरल्या टाकीनिशी पाहून घ्यावे. दोष असलाच, तर तो त्याच संध्याकाळी कळेल आणि दुरुस्तीस रात्र हाती राहील.